रंगोपंतांची खडीसाखर

रंगोपंत वकिलांकडे गेलेल्या माणसाला पहिली गोष्ट मिळे ती सुपारी. सल्ला नव्हे, खडी सुपारी. बैठकीच्या खोलीत तुम्ही टेकलात आणि "पंत, त्याचं काय झालं," एवढं म्हणालात की त्यांचा पितळी डबा उघडे, टणक सुपारीचं खांड तुमच्या तळहातावर येई आणि पंत म्हणत, "हे चघळा. संपेपर्यंत बोलायचं नाही. तोवर मी कागद वाचतो." ती सुपारी कधी संपत नसे. चाकणच्या बाजारातले कांद्याचे व्यापारी, ज्यांचा आवाज वेशीपर्यंत जाई, तेही पंतांच्या ओसरीवर गाल फुगवून मुकाट बसलेले मी पाहिले आहेत.

"वकिलाचा खरा शत्रू समोरचा वकील नव्हे," पंत म्हणत, "आपलाच पक्षकार. त्याचं तोंड."

बायकांना सुपारी देणं बरं दिसत नाही म्हणून त्याच डब्यात एका पुडीत खडीसाखर असे. तिचे खडे त्यांनी माझ्याइतके दुसऱ्या कुणाला दिले नसतील. आज माझ्या तोंडात दात नाहीत त्याचा सगळा दोष मी पंतांवर ढकलते. नातवंडांना ते खरंही वाटतं.

मी तेव्हा महाळुंग्याची नवी सून होते. माहेर रहाटणीचं. चौथी पास. रहाटणीच्या शाळेत चौथीत मुली दोनच, त्यातली दुसरी नापास झाली, त्यामुळे मी पहिली आले होते, आणि ही गोष्ट महाळुंग्यात ज्याला ठाऊक नव्हती त्याला मी सांगत असे. नीटनेटकेपणाचीही मला भारी हौस. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणायच्या, "ही पोर झाडून झाडून एक दिस घराची भिंत बी काढंल."

आमचं घर चाकणच्या रस्त्याला लागून, वळणावर. तेव्हा आजूबाजूला शेतं. आजचे कारखाने कुणाच्या स्वप्नातही नव्हते. एका संध्याकाळी माझे सासरे, मामंजी, अंगणात बैलगाडीच्या आसाला वंगण लावत बसले होते. चाकणहून कांदा भरून निघालेला एक मालट्रक वळणावर आला, पुढं शेळ्या आल्या, ड्रायव्हरनं चाक फिरवलं आणि ट्रक रस्ता सोडून सरळ आमच्या अंगणात शिरला. तुळशीच्या कडेनं येऊन त्यानं बैलगाडीला धडक दिली. गाडी कलंडली आणि तिचं चाक मामंजींच्या पायावर आलं. माणसं सगळी रानात. घरात मी आणि आत्याबाई.

मामंजींची तऱ्हा काय सांगू! पाय चाकाखाली, तोंड पांढरंफटक, आणि म्हणतात काय, "सूनबाई, त्या पोराला पानी द्या आदी. लई भेदारलंय." मी ड्रायव्हरला गूळ-पाणी दिलं. तो रडायला लागला तेव्हा मामंजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रानातली माणसं धावून आली होती, त्यांच्यादेखत म्हणाले, "तुजी काय चूक न्हाई, लेका. माजीच चूक, माजंच गिरान." आणि त्याच ट्रकमध्ये, कांद्याच्या पोत्यांवर निजून, तळेगावच्या दवाखान्यात गेले. दुसरं वाहन तरी कुठं होतं! तिथं डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तर मांडीपासून मोडलेला पाय दाखवून हा गृहस्थ म्हणाला, "काय न्हाई, जरा मुरगाळलाय."

इथवर गाढवपणा मामंजींचा. पुढचा सगळा माझा.

सकाळी निरोप आला की पोलीस चौकीचे जमादार पंचनाम्याला येणार आहेत. सरकारी माणूस, तोही गणवेशातला, आमच्या दारी पहिल्यांदाच येत होता. आणि अंगण कसं? ट्रकच्या चाकांनी तुळशीपासून उंबऱ्यापर्यंत दोन खोल चर पाडलेले, मधोमध मोडकी गाडी, जिकडेतिकडे कांदे. हे पाहून रहाटणीची पहिली आलेली मुलगी गप्प बसेल? भावकीतल्या दोघा गड्यांना सांगून मी गाडी ओढायला लावली ती रस्त्याच्या कडेला. कांदे वेचले. दोन्ही चरांत माती आणि शेणकाला भरून ते चोपले, वरून सारवलं, सडा टाकला आणि ठिपक्यांची रांगोळी काढली. हळदीकुंकूसुद्धा वाहिलं. आत्याबाई दवाखान्यात होत्या, नाहीतर त्यांनी माझा हात धरला असता. जमादार आले तेव्हा मी पदर सावरून अशी उभी होते, जशी काही वरात आली आहे.

त्यांनी पंचनाम्यात लिहिलं : मोडलेली बैलगाडी रस्त्याच्या कडेला, अंगणात अपघाताची कोणतीही खूण दिसून येत नाही.

झालं. ट्रकच्या मालकानं म्हणणं मांडलं की बैलगाडी अंधारात, कंदील न लावता, भर रस्त्यात उभी होती, चूक म्हाताऱ्याची, त्यानं ती चारचौघांत कबूलही केली. मामंजींना हे खाटेवर कळलं. मोडलेल्या पायापायी ज्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं ते त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून निजले. "मी गाडी रस्त्यात सोडीन व्हय? बिनकंदिलाची?" एवढंच म्हणाले. सबंध पंचक्रोशीत गाडीवान म्हणून त्यांचं नाव होतं. पाय तर गेल्यात जमा होता, त्याच्या मागोमाग ते नावही निघालं होतं.

मग आमचे हे चाकणला जाऊन रंगोपंतांना घेऊन आले. काळा कोट, धोतर, सायकलच्या दांडीला छत्री, आणि कोटाच्या खिशात तो पितळी डबा. ओट्यावर बसून त्यांनी एकेकाला सुपारी वाटली, कागद वाचले, आणि चष्म्यावरून विचारलं, "अंगण कुणी सारवलं?"

"मी!" मी म्हटलं. अजूनही मला वाटत होतं, आता कौतुक होईल.

पंतांनी कागद मिटून बाजूला ठेवले. मग पुडी उघडून त्यांनी खडीसाखरेचा भलामोठा खडा माझ्या हातावर ठेवला. "सूनबाई, एखाद्या चोरालाही इतकं स्वच्छ काम जमत नाही हो."

त्यानंतर त्यांचे हुकूम सुटले. मोडकी गाडी आहे तशी गोठ्यात ठेवायची. दुरुस्त करायची नाही, तिचं जळण तर मुळीच करायचं नाही. दवाखान्यातली एकही चिठ्ठी चुलीत जाता कामा नये. मालकाचा माणूस कागद घेऊन आला तर त्याला चहा पाजा, अंगठा देऊ नका. आणि ड्रायव्हर विचारपूस करायला आला तर (तो यायचा, येताना मामंजींना तंबाखू आणायचा) त्याच्याशी फक्त पावसापाण्याचं बोला. मामंजींना म्हणाले, "पाटील, दया घरात ठेवा. दाव्यात आणू नका." डॉक्टरांकडेही पंत स्वतः गेले आणि 'मुरगळला' ऐवजी 'मोडला' असा दाखला घेऊन आले. येताना कुरकुरत होते, "या माणसाला उद्या यमानं विचारलं, कसं काय? तर म्हणेल, बरं हाय, तुमचं कसं!"

खेडच्या कोर्टात दावा उभा राहिला. भावकीतल्या गड्यांच्या साक्षीवर पंतांची भिस्त नव्हती. "आपली माणसं आपल्या बाजूनं बोलणारच. त्यांत न्यायाधीशाला नवल काय?" साक्षीला मीही होते, आणि माझी तयारी करून घेता घेता पंत थकले.

"मी समोरचा वकील आहे असं समजा. नाव काय आपलं?"

"माझं नाव गोदा, माहेरचं गंगू, रहाटणीच्या..."

"नाव विचारलं. कुंडली नाही." खडीसाखर. "नवऱ्याचं नाव?"

मी लाजले. नवऱ्याचं नाव असं रोखठोक घ्यायचं? शेवटी पदर तोंडाशी धरून म्हटलं, "चाकणच्या बाजारात कांद्याची रास, शंकररावांचं नाव घेते पंतांसाठी खास."

आत्याबाई खूश झाल्या. पंतांनी कपाळाला हात लावला. "कोर्टात उखाणा चालत नाही, सूनबाई. विचारलं तेवढंच सांगायचं. होय, किंवा नाही. की मिटलं तोंड." आणखी खडीसाखर. पुडी रिकामी व्हायची, पण माझं तोंड काही मिटायचं नाही. एके दिवशी सारवणाबद्दल विचारता विचारता मी किती शेण घेतलं, कुठल्या गाईचं घेतलं, जमादार कसे घसरले, सगळं सांगून टाकलं. पंत पहिल्यांदाच मला गप्प करायचं विसरले. चष्मा पुसत बसले आणि "हं" म्हणून सायकलवर बसून निघून गेले.

कोर्टाच्या दिवशी एस.टी.तून उतरल्यावर पंतांनी डबा उघडला. यांना सुपारी, गड्यांना सुपारी, मामंजींनाही सुपारी. त्यांना दोघांनी खांद्यावर धरून आणलं होतं. मी हात पुढं केला, तर डबा मिटला. "तुम्हाला आज नाही," पंत म्हणाले आणि आत गेले. मला असा राग आला! वाटलं, माझ्या साक्षीची आशाच सोडली की काय यांनी.

मालकाचा वकील पुण्याहून आणलेला होता. कडक कॉलर, आवाजात तूप.

"बाई, दुसऱ्या दिवशी सकाळी आपण अंगणात काय केलंत?"

"सडा घातला."

"म्हणजे काही खुणा असल्याच, तर त्या पुसल्यात."

इथं मी 'होय' म्हणून थांबायचं होतं. मी पंतांकडं पाहिलं. ते बाकावर बसून कोटाच्या खिशात काहीतरी शोधत होते. जिभेवर साखर नव्हती, मनात राग होता, आणि त्या 'असल्याच तर' नं माझं डोकं फिरलं.

"असल्याच तर म्हंजी? व्हत्याच की! तुळशीपासनं उंबऱ्यापातुर दोन चर! एवढं एवढं खोल. त्यात माती घातली, शेणकाला घातला, चोपनं घेऊन चोपलं, माझं हात आलं भरून!"

"चर रस्त्यावर पडले असतील. ते अंगणातच होते कशावरून?"

"सरकारच्या रस्त्याला कोन सारवतं, सायेब? तुमच्या घरची सून सारवती का?"

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी लेखणी उचलली आणि तशीच खाली ठेवली. "बाई, मग गाडी रस्त्याकडेला कशी गेली?"

"मीच वडायला लावली. अंगनाच्या मधी गाडी, मग रांगोळी कुठं काढू?"

"रांगोळी? कशाला?"

"जमादारसायेब यायचं व्हतं न्हवं! पैल्यांदा सरकार घरी येनार, आन् अंगान तसंच ठिवू? त्यांनाच इचारा की. त्या वल्या चरात त्यांचाच पाय गेला, पार गुडघ्यापातुर शेन! मी हंडाभर ऊन पानी दिलं पाय धुवायला. मानूस पडला, रांगोळी मोडली, तरी म्या परत काढली!"

जमादार साक्षीदारांच्या बाकावर बसले होते. टोपीपासून मानेपर्यंत लाल झाले. पंत तेव्हा कुठं उठले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, जमादारांना एवढंच विचारावं, की त्यांचा पाय रस्त्यात रुतला की अंगणात."

जमादार आधी खोकले. मग म्हणाले, "अंगणात, साहेब. तुळशीजवळ. ते... लिहिण्याजोगं वाटलं नाही."

निकाल आमच्या बाजूनं लागला. मालकाला भरपाई द्यावी लागली, पायाचे उपचार झाले, काठी टेकत का होईना मामंजी परत बांधावर जाऊ लागले. पण कोर्टातून बाहेर आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "वकीलसायेब, गाडी रस्त्यात न्हवती असं कागदावर आलं न्हवं? वाचून दावा." पंतांनी वाचून दाखवलं. मामंजींनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तोंडातली सुपारी थुंकून म्हणाले, "बास."

मी मात्र नाक वर करून हिंडत होते. घरी येताना पंतांना म्हटलं, "तुमी तर नुसतं बसून व्हता. दावा मीच जिंकला!"

"खरं आहे," पंत म्हणाले. "मी खाली बसलो होतो ते माझे गुडघे दुखत होते म्हणून." थोडं चालल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. "सूनबाई, माणूस शहाणपण खोटं सांगतो. वेडेपणा कुणी खोटा सांगत नाही. तुमच्याएवढा अस्सल वेडेपणा उभ्या जन्मात माझ्या पदरी आला नव्हता, तो मी साखर घालून बिघडवू?"

मला हे कौतुक वाटलं. महाळुंग्यात येईपर्यंत वाटत होतं. आत्याबाईंनी अर्थ सांगितला तेव्हा मी दोन दिवस पंतांशी मनातल्या मनात भांडले.

पुढं बरीच वर्षं संक्रांतीला पंतांकडं तिळगूळ द्यायला जात राहिले. ते हातावर खडीसाखर ठेवत, मी तोंडात टाकून मुकाट बसे आणि ते माझी गंमत बघत. मग कळलं की पंतांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. ज्यानं उभ्या तालुक्याला गप्प बसवलं, त्याचंच तोंड देवानं बंद केलं. मी भेटायला गेले तेव्हा ते ओसरीवरच होते, गादीवर, शेजारी तोच डबा. मला पाहून त्यांचा चालता हात डब्याकडं सरकला. झाकण उघडलं. आत पुडी होती. सवयीनं मी ओंजळ पुढं केली.

पंतांनी माझ्याकडं पाहिलं आणि डबा खट्कन मिटला.

मग मी बोलत बसले. रहाटणीचं, महाळुंग्याचं, जमादारांच्या पायाचं, कुठल्या गाईचं शेण घेतलं होतं तेसुद्धा. दिवेलागणीला सोबत आलेल्या आमच्या यांनी दारातून तीनदा हाक मारली. पंतांचा हात डब्याच्या झाकणावर होता, घट्ट दाबलेला, आणि अर्धं तोंड हसत होतं.