सुनेची क्रेडिट्स आणि माझी तीन पत्रे

प्रथम घटनाक्रम नोंदवतो. सोमवारी माझ्या सुनेने अर्ज दिला. गुरुवारपर्यंत त्यावर काहीही घडले नाही. शुक्रवारी मी पहिले पत्र लिहिले. त्यानंतर जे घडले, ते घडायला नको होते.

आता जबाबदार पक्ष. एक, सीमाभागातील ते सरकारी महाविद्यालय, जिथे माझी सून वैदेही लग्नाआधी बी.एस्सी.ची दोन वर्षे शिकली. दोन, आमच्या शहरातील जयनगर भागातले सरकारी महाविद्यालय, जिथे तिला तिसरे वर्ष पूर्ण करायचे होते. तीन, या दुसऱ्या महाविद्यालयाचे विद्यापीठ. चार, माझी पत्नी सुमती, जिने त्या शुक्रवारी माझा चष्मा लपवून ठेवला नाही. (हा मुद्दा तिला मान्य नाही. तिची हरकत मी लेखी मागितली आहे, अद्याप अप्राप्त.)

प्रकरण तसे सरळ होते. वैदेहीने चार सेमिस्टरमध्ये मिळवलेली क्रेडिट्स जुन्या महाविद्यालयातून नव्या महाविद्यालयात यायची होती. ती आली, तर वैदेही थेट तिसऱ्या वर्षात. न आली, तर पुन्हा पहिल्या वर्षात, बारावी पास होऊन आलेल्या मुलींच्या शेजारी, मीठ आणि आम्ल यांच्या पहिल्या धड्यापासून! प्रवेशाची मुदत तीन आठवड्यांनी संपत होती.

"मामंजी, यंदा नाही जमलं तर मी पुन्हा प्रयत्न नाही करणार," ती शांतपणे म्हणाली.

हे शांतपणे बोलणे मला सहन होत नाही. मी स्वतः आयुष्यात कधी तसे बोललेलो नाही.

सोमवारी अर्ज देताना मी तिच्याबरोबर होतो. खिडकीत रत्नम्मा नावाच्या बाई होत्या. मूळच्या निपाणीच्या, त्यामुळे आमचे मराठीत जमले. "सरी सर," त्या कानडी होकार देत म्हणाल्या, "तिकडनं क्रेडिट्सचा उतारा मागवते. स्वल्प थांबा. होतंय की."

"स्वल्प म्हणजे किती?" मी विचारले.

"स्वल्प म्हणजे स्वल्प, सर."

मी एका सार्वजनिक उपक्रमाच्या विधी विभागात अडतीस वर्षे काढली आहेत. 'स्वल्प' ही कालमर्यादा कोणत्याही अधिनियमात परिभाषित केलेली मला आढळली नाही. (मी पाहिले. शुक्रवारची सकाळ त्यातच गेली.) दुपारी मी लिहायला बसलो.

पहिले पत्र जयनगरच्या प्राचार्यांना. दुसरे विद्यापीठाच्या कुलसचिवांना. तिसरे वैदेहीच्या जुन्या महाविद्यालयाला. प्रत्येक पत्राच्या तळाशी उरलेल्या दोघांची नावे, 'प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी'. आणि शेवटी माझे आवडते वाक्य, ज्यावर मी अर्धे आयुष्य काढले आहे: 'प्रस्तुत तक्रारदार सक्षम न्यायालयात दाद मागण्याचा आपला हक्क राखून ठेवत आहे.'

"अहो, तिचं काम सोमवारीच दिलंय ना? चार दिवस धीर धरा की," सुमती म्हणाली.

"धीराला पोचपावती मिळत नाही!" मी म्हणालो, आणि राजाजीनगरच्या पोस्टाकडे निघालो.

दहा दिवसांनी मी आणि वैदेही मेट्रोने पुन्हा जयनगरला गेलो. माझ्या पत्रांनी यंत्रणा हलली असणार याविषयी मला शंका नव्हती. यंत्रणा खरोखरच हलली होती.

"काय केलासा हे, सर?" रत्नम्मांनी कपाळाला हात लावला. "उतारा गेल्या मंगळवारीच येणार होता. तिथल्या क्लार्कशी मी स्वतः फोनवर बोलले होते! तेवढ्यात तुमचं पत्र विद्यापीठात. त्यांनी आम्हाला कळवलं, तक्रार आलीय, मूळ फाईल अभिप्रायासह पाठवा. पाठवली. आता फाईल तिकडं!"

"मग जुन्या महाविद्यालयाने उतारा परस्पर विद्यापीठाकडे पाठवावा."

"ते कसले पाठवतात! तुम्ही कोर्टात जाणार म्हणून लिहिलायसा. त्यांनी सगळे कागद वकिलाकडे सल्ल्याला दिलेत."

"मी जाणार असे लिहिलेले नाही. हक्क राखून ठेवला आहे. या दोहोंत मूलभूत फरक..."

"मामंजी," वैदेही म्हणाली.

मी थांबलो. तिचा आवाज शांत होता.

"यावर उपाय?" मी रत्नम्मांना विचारले.

"तुम्ही तक्रार मागे घ्या. तसं लिहून द्या. मी आजच तिन्हीकडं मेल करते. तक्रार नाही, तर अभिप्राय नाही, वकील नाही. फाईल परत!"

वाचकहो, मी आजवर पाणीपुरवठा, वीजपुरवठा, दूध, कुरिअर, फुटलेला पदपथ आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट या विषयांवर पत्रे लिहिली आहेत, आणि एकही मागे घेतलेले नाही. मागे घेतलेले पत्र म्हणजे काय असते, हे मला माहीत नव्हते. त्याचा नमुना माझ्याकडे नव्हता! मी बाकावर बसलो. शेजारी आनेकलहून बसने आलेली एक मुलगी होती. तिची क्रेडिट्स दोन महिने वाटेतच होती आणि ती दर सोमवारी येऊन 'स्वल्प' ऐकून परत जात होती. तिने मला कागदाखाली धरायला वही दिली. वीस मिनिटांत माझा मसुदा तयार झाला.

रत्नम्मांनी तो वाचला. "'वरील तक्रार, तिच्या गुणवत्तेस बाध न येता, खालील सात अटींच्या अधीन राहून...' सर, ही माघार आहे की नवी केस?"

वैदेहीने माझ्या हातातून पेन काढून घेतले नाही. ते मी मान्य करतो. तिने फक्त कोरा कागद पुढे केला आणि म्हणाली, "मी सांगते, तुम्ही लिहा. 'मी माझी तक्रार मागे घेतो.'"

मी लिहिले. "पुढे?"

"पुढे सही."

"'तूर्त' हा एक शब्द घालू? 'मी माझी तक्रार तूर्त मागे घेतो.'"

"नाही, मामंजी."

"'सद्भावनेने'?"

"नाही."

"निदान प्रत कुणाला, ते तरी..."

"सही!"

ती ओरडली. लग्नानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा! मला मनापासून बरे वाटले आणि मी सही केली. पाच शब्दांचे पत्र. माझ्या पत्रांतल्या साध्या संदर्भ क्रमांकालाही याहून जास्त जागा लागते.

चौथ्या दिवशी फाईल परत आली. सहाव्या दिवशी उतारा आला. मुदतीच्या आदल्या दिवशी वैदेहीचा तिसऱ्या वर्षात प्रवेश झाला, आणि तिची सगळी क्रेडिट्स जशीच्या तशी मोजली गेली. संध्याकाळी तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले, आणि सुमतीने चपात्या वाढायला दुसरी जागा शोधली. तक्रार कुणी केली नाही.

ग्रंथालयाची पुस्तके घ्यायला महाविद्यालयात गेलो, तेव्हा आनेकलची ती मुलगी अजून बाकावरच होती. रत्नम्मांनी मला खिडकीशी बोलावले. "सर, आता एक पत्र खरंच लिहा. हिच्यासारख्या सगळ्यांसाठी. पण कुणाचं नाव घालू नका, म्हंजे कुणाची फाईल वर जायची नाही. आणि ते कोर्टाचं वाक्य नको!"

ते पत्र मी लिहिले. ते चार पानांचे होते. वैदेहीच्या तपासणीनंतर पाच वाक्यांचे झाले. ते येथे जाहीर करीत आहे:

विद्यापीठाच्या कुलसचिवांनी पुढील प्रश्नाचे उत्तर जाहीरपणे द्यावे. एका सरकारी महाविद्यालयातून दुसऱ्या सरकारी महाविद्यालयात विद्यार्थ्याची क्रेडिट्स किती दिवसांत पोहोचलीच पाहिजेत? तो आकडा प्रत्येक महाविद्यालयाच्या खिडकीवर, मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत लावावा. मात्र हे उत्तर कृपया माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवू नये. पाठवल्यास मी त्याला उत्तर देईन, आणि माझ्या सुनेची अजून दोन सेमिस्टर बाकी आहेत.