वुई वेअर

हातात खडू. मागे अख्खा वर्ग. आणि फळ्यावरचं माझंच वाक्य मला खोडायला सांगितलेलं.

मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेल्यांसाठी दादरला, हिंदमाताजवळ, संध्याकाळचा वर्ग चालायचा. मी नायगावच्या बीडीडी चाळीतून चालत जायची. पोरगी इंग्रजीत सुटली की टेलिफोनमध्ये चिकटली म्हणून समजा, असं आईनं चाळभर सांगून ठेवलेलं.

त्या दिवशी सर काळ शिकवत होते. आपापल्या घराविषयी दोन वाक्यं करा म्हणाले. आम्ही नुकतीच दीक्षा घेतलेली. आईनं देव्हारा काढून तिथं पाण्याचा हंडा ठेवलेला. मी ऐटीत फळ्यावर लिहिलं, ‘वुई वेअर महार्स. वुई आर बुद्धिस्ट्स.’ एक भूतकाळ, एक वर्तमानकाळ. स्पेलिंगसकट बरोबर.

सर हसले. म्हणाले, त्रिकालाबाधित सत्य नेहमी वर्तमानकाळात लिहायचं. सूर्य पूर्वेला उगवतो. ‘उगवत होता’ म्हणतो का आपण?

“जात तशीच असते, बाळ. वेअर खोड. आर लिही.”

वर्ग खदाखदा हसला. मी खोडलं. डस्टरसुद्धा मागितलं नाही, तळहातानंच पुसलं. आर लिहिलं. वर ‘थँक यू, सर’ म्हणाले. मेलं, ते थँक यू आठवलं की आजही कुठं तोंड लपवू असं होतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. दुसऱ्या दिवशी मोर्चात हेच सर पुढच्या रांगेत. ‘मुंबई आमची’ ओरडून घसा बसलेला. मला बघून हात केला. तिथं आम्ही सगळे मराठी. मीही हात केला. बावळट.

घरी आईनं विचारलं, काल वर्गात काय शिकलीस? खोडल्याचं सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, आपण महार होतो ना, त्या ‘होतो’ला वेअर म्हणतात.

“वेर,” आई म्हणाली. भाकरी थापता थापता घोकत राहिली. “आम्ही वेर. आता नाय.”

तिला अक्षर येत नव्हतं, पण तिनं ते धरून ठेवलं. मला येत होतं, आणि मी पुसलं.

पुढच्या तासाला सरांनी तीच वाक्यं पुन्हा लिहायला लावली. मी लिहिलं, वुई वेअर.

“परत चूक. अशानं नापास होशील.”

“होईन. खोडायचं तर तुम्ही खोडा, सर. माझ्या हातानं आता नाही.”

सरांनी डस्टर उचललं. मी फळ्यासमोरून हलले नाही.