मामाने मोजलेलं पाणी

माझा मामा जमिनीखालचं पाणी मोजायचा. हीच त्याची सरकारी नोकरी. गावाभोवती पुरलेल्या बावीस नळ्यांत दर महिन्याला टेप सोडायची आणि टोकाचं पोकळ वजन पाण्याला टेकून ‘डुब’ वाजलं की खोली लिहायची. ते ऐकायला तो नळीला कान लावून असा ओणवा व्हायचा, की आई म्हणायची, "बायकोचं एवढं ऐकलं असतंस तर संसार सुखाचा झाला असता!" मामा हसून चहा मागायचा.

एक नळी आमच्याच परसात होती, आईच्या गुलाबांच्या वाफ्यांपलीकडे, निलगिरीच्या रांगेजवळ. गुलाबाची कलमं विकूनच आईने आम्हा दोघी बहिणींना वाढवलं.

एका उन्हाळ्यात गुलाब मलूल झाले. मामा म्हणाला, "ताई, ही निलगिरी तुझं सगळं पाणी ढोसतेय. तोडून टाक."

मोजणाऱ्याचाच शब्द तो! आईने रांग तोडली. पाणी सात मीटर खोलीवरून वर चढत चारवर आलं, मग दोनवर. मामा छाती फुगवून आकडे सांगायचा. इतर नळ्यांतलं पाणी तो सवयीने जिभेवर ठेवून बघायचा. आमच्याकडे मात्र चहा तयार असायचा, म्हणून ते राहून जायचं.

तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपल्या. आईने आणखी पाणी घातलं, तर माती पांढरी पडली. तेव्हा कुठे मामाने नळीतलं पाणी चाखलं, आणि तिथेच मटकन बसला. पाणी खारट होतं. निलगिरी ते पिऊन पिऊन खालीच ठेवत होती. ती गेल्यावर ते गुलाबांच्या मुळांपर्यंत चढलं, आणि आईच्या शिंपण्याने त्याला हातभारच लागला.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गुपचूप कपडे शिवायच्या कारखान्यात जाऊ लागली. मामाशी बोलायची, पण गुलाबांचा विषय बंद.

मामाने खाऱ्या मातीत तग धरणारी झाडं शोधून पुन्हा रांग लावली. अर्धी मेली. पुन्हा लावली. दर महिन्याला दारातूनच सांगायचा, "ताई, एक मीटर ऐंशी." आई भाजी चिरत राहायची. "ताई, अडीच." मला त्याचा रागही यायचा आणि कीवही. निवृत्त झाला तरी टेप घेऊन त्याचं येणं थांबलं नाही.

अकराव्या वर्षी तो म्हणाला, "ताई, पाच मीटर. वरच्या मातीतलं मीठसुद्धा पावसाने धुऊन गेलंय. चाखून बघितलं मी."

आईने विळी बाजूला सारली, आतून कुदळ आणली आणि त्याच्या पुढ्यात टाकली.

"गुलाबाला खड्डा तू खण. माझे गुडघे गेलेत."

साठी ओलांडलेला माझा मामा खणता खणता हमसून हमसून रडायला लागला.

"पुरे!" आई ओरडली. "आता तू नको खारट करूस माती."