जावयासमोर

माझ्या बाबांनी चाळीस वर्षं अमरावतीच्या कोर्टात वकिली केली आणि समोर आलेल्या प्रत्येक साक्षीदाराला एकच वाक्य ऐकवलं, "हो की नाही, एवढंच सांगा." साक्षीदार आढेवेढे घ्यायला लागला की बाबांना चेव यायचा. कबुली मिळाली की न्यायाधीशांना म्हणायचे, "साहेब, हे लिहून घ्या." घरीही तेच. परीक्षेतले मार्क मी फिरवून सांगायला लागले की मला भिंतीपाशी उभं करून उलटतपासणी व्हायची. असल्या माणसाला आपल्या अंगातून रक्त जातंय, एवढं साधं वाक्य बोलता येऊ नये, याचा मला अजून राग येतो.

होळी झाल्यावर आईचा अमरावतीहून फोन आला. मी अकोल्याला असते, एका शाळेत विज्ञान शिकवते. आई दबक्या आवाजात म्हणाली, "तुझे बाबा सोताचे पायजमे सोता धुवून राहिले."

ज्या माणसानं जन्मात कधी जेवलेलं ताट उचललं नाही, तो बाथरूमचं दार लावून पायजमे घासत होता. मी विचारलं, "काहून?"

"उष्णता झाली म्हणतात. तू आता जास्त खोदू नको."

आमच्याकडे हा शब्द फार कामाचा आहे. कमरेखाली जे काही होतं, ते सगळं उष्णता. लघवीची जळजळ, बायकांचं अंगावरून जाणं, मूळव्याध, सगळ्यांचं नाव एक आणि उपायही एकच, भिजवलेला सब्जा नाहीतर धने-जिऱ्याचं पाणी. अकोल्याच्या उन्हात कोणी शंकाही घेत नाही. वर्गात मी फळ्यावर मोठं आतडं काढते, छडीनं दाखवते, मुलं फिदीफिदी हसली की त्यांना झापते. घरी माझ्याही ओट्यावर सब्ज्याची वाटी भिजत असते.

अमरावतीत दाखवायला बाबा तयार नव्हते. तिथल्या प्रत्येक दवाखान्यात त्यांना कोर्टातलं कोणीतरी भेटतंच. म्हणून अकोल्याला आणायचं ठरलं, आणि गाडी घेऊन माझा नवरा गेला. इथेच माझं चुकलं. बावीस वर्षांत बाबा जावयापुढे पाय पसरून बसलेले नाहीत. तो येणार म्हटलं की बनियनवर सदरा चढतो.

गाडीच्या सीटवर बाबांनी पंचा चार पदरी घडी करून अंथरला होता. वाटेत मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबली, तर ते खाली उतरलेच नाहीत. "बाबा अजून ठणठणीत आहेत, एकदाही उतरले नाहीत," असं नवऱ्यानं मला कौतुकानं सांगितलं. हा माणूस इंजिनिअर आहे.

पोटाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघंही आत गेलो. फाईल माझ्या हातात, आणि डॉक्टर बोलत होते नवऱ्याशी. "तुमच्या सासऱ्यांना काय त्रास होतो, साहेब?" साहेबांना काय माहीत! साहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी लावून ताठ बसले होते.

"काही नाही, उष्णता झाली जराशी," ते म्हणाले. "यांनी उगाच गाडी काढली."

"संडासवाटे रक्त वगैरे?"

बाबांनी एकदा जावयाकडे पाहिलं. "नाही."

पायजम्यांचं मला माहीत होतं. पण नवऱ्यासमोर बापाच्या पायजम्यांचा विषय काढायचा कसा, याच विचारात मी बसून राहिले, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी पावडर लिहून दिलीसुद्धा. तिखट कमी करा म्हणाले. त्या पावडरीत तीन महिने गेले.

जूनमध्ये आईचा पुन्हा फोन आला. बाबा अंगणात चक्कर येऊन पडले होते. रक्त तपासलं तर अंगात रक्तच उरलेलं नव्हतं. आई रडत म्हणाली, "पायजमे धुणं काही बंद नाही झालं वं." तीन महिने तिनं हे पोटात ठेवलं होतं. मी तिच्यावर वाट्टेल तशी ओरडले. आईवर ओरडणं सोपं असतं.

दुसऱ्या खेपेला तीच केबिन, तेच प्रश्न, तसंच ताठ बसणं. "उष्णता..." असं बाबांनी सुरू केलं आणि मी नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा." तो गोंधळून उठला. दार नीट लागायच्या आतच मी डॉक्टरांना सांगून टाकलं, "हे खोटं बोलताहेत. होळीच्या आधीपासून संडासवाटे रक्त जातंय. पायजमे भरतात, स्वतः धुतात. मागच्या वेळीही खोटंच बोलले. तुम्ही माझ्याकडे एकदा जरी पाहिलं असतं, तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

हे शेवटचं मात्र माझंही खोटं होतं.

बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "माझी अब्रू काढली तू," ते म्हणाले.

"काढली," मी म्हणाले.

दुर्बीण टाकून तपासणी झाली. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, कॅन्सरची. पसरलेली नव्हती, एवढं नशीब. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, आणि हेही ते नवऱ्यालाच म्हणाले. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ऑपरेशननंतर माझ्याच घरी राहिले, माझ्याच हातचं खाल्लं, पण पाणी हवं असलं तरी आईला सांगायचे, "तिले म्हण, पाणी दे." मीही कमी नाही. तांब्या त्यांच्यापुढे आदळून ठेवायची. तुमची अब्रू सांभाळत बसले असते तर तुम्हाला खांद्यावरून न्यावं लागलं असतं, हे मी त्यांना मनातल्या मनात रोज ऐकवत होते.

पोळा झाल्यावर पुन्हा दाखवायला गेलो. तब्येत चांगली आहे म्हणून बाबा खुशीत होते, आणि मी त्यांच्या खिजगणतीत नव्हते. डॉक्टर म्हणाले की अशा वेळी मुलांनीही स्वतःला तपासून घेतलेलं बरं. मग त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला असा काही त्रास?"

"नाही," मी म्हणाले. "उन्हाळ्यात थोडी उष्णता होते, तेवढंच."

किती सहज आलं ते तोंडातून! नवरा शेजारी मोबाईल बघत बसला होता.

बाबा खुर्चीत वळले. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाले, "जावईबुवा, तुमी जरा बाहेर थांबा." बावीस वर्षांत त्यांनी जावयाला कधी हुकूम सोडला नव्हता. नवरा मोबाईल खिशात घालून मुकाट्यानं बाहेर गेला.

दार लागलं.

"बाई, उष्णता बाजूले ठेवा," बाबा म्हणाले. आवाज कोर्टातला होता, त्यात दयामाया नव्हती. "रक्त जाते का? हो की नाही, एवढंच सांगा."

मला त्यांचा इतका संताप आला की फाईल तिथेच टाकून निघून जावंसं वाटलं. डॉक्टर पेन हातात धरून थांबले होते.

"हो," मी म्हणाले.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीत कसली आली उष्णता?" बाबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते डॉक्टरांकडे वळले. "साहेब, हे लिहून घ्या."