आईचा दगड

परदेशात मी वेटलिफ्टिंगचं सुवर्णपदक जिंकलं त्या दिवशी माझी आई रागावली होती. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात तेव्हा मोबाईलला रेंज फक्त बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर यायची. मावशीनं तिला तिथं नेऊन माझी लिफ्ट दाखवली. नंतर मी हौसेनं फोन केला, तर शाबासकी राहिली बाजूला. आई म्हणाली, "तेवढे सारे लोक खुर्च्यांवर बसून पाहून राह्यले होते. एकालेही उठून हात लावाचं सुचलं नाई? कसे लोक आहेत वो तिथले?"

ती गोंडीत बोलली होती. मराठीत लिहिताना त्यातला राग अर्धाच उतरतो. मी खूप हसले. सोबतच्या मुलींना सांगितलं, त्याही हसल्या.

तिचा राग समजायचा तर आमच्याकडे भार कसा उचलतात ते माहीत पाहिजे. सरपणाची मोळी असो, मोहफुलांची टोपली असो की पाण्याचा गुंड, बाई तो एकटीनं डोक्यावर चढवत नाही. ती उभी राहते आणि हाक देते, "हात लाव वो." जी जवळ असेल ती येते. सकाळीच जिच्याशी कडाक्याचं भांडण झालं तीसुद्धा येते, तोंड फिरवून का होईना, हात लावते आणि जाते. एकटीनं भार उचलणारी बाई म्हणजे जिचं गावात कोणी उरलं नाही अशी बाई. आश्रमशाळेच्या सुट्टीत मी एकदा धानाचं पोतं कोणालाही न बोलावता डोक्यावर घेतलं. आईनं ते खाली ठेवायला लावलं, मावशीला हाक मारली आणि दोघींनी मिळून तेच पोतं पुन्हा माझ्या डोक्यावर चढवलं. मला तो शुद्ध वेडेपणा वाटला होता.

आश्रमशाळेच्या सरांना मात्र माझं असं एकटीनं उचलणं फार आवडलं. त्यांनीच मला बल्लारपूरला नेलं. तिथं पेपर मिलजवळच्या वस्तीत, टिनाच्या शेडमध्ये आमचे उस्ताद मुलामुलींना वेटलिफ्टिंग शिकवायचे. पोटापाण्यासाठी वेल्डिंगचं दुकान होतं, पण त्यांचा जीव सगळा बार आणि प्लेटांत. मिलचा उग्र वास शेडमध्ये भरून राहायचा आणि महिनाभरात तो येईनासाही झाला. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बार तेरा, वजन तेरा. दुसरे की उंगली भी लगी ना बेटा, तो लिफ्ट गई."

हा नियम मला इतका आवडला की काय सांगू! कोणाला हाक मारायची नाही, कोणाची वाट पाहायची नाही. हाताला खडू लावायचा, बारसमोर उभं राहायचं, आणि सगळा हॉल चिडीचूप. त्या शांततेसाठी मी गाव सोडलं, सण सोडले, वजनगटात बसायचं म्हणून कित्येक वर्षं अर्धपोटी झोपले. लिफ्ट मान्य झाल्याचे पंचांचे तिन्ही पांढरे दिवे लागले की वाटायचं, आता मला कोणाची गरज नाही. तेव्हा ते खरंही होतं.

मग पाठ गेली. पुढच्या मोठ्या स्पर्धेच्या सरावात, बार खांद्यावर घेऊन उठताना कमरेत काहीतरी सरकलं आणि डावा पाय माझा राहिला नाही. ऑपरेशन झालं, चालता येऊ लागलं, पण डॉक्टरांनी भरलेली बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलं. आता चंद्रपूरला ऑफिसात नोकरी करते. फाइल खाली पडली तर शिपाई उचलून देतो. अजून सत्काराला बोलावतात, शाल घालतात, नारळ देतात, आणि भाषणात माझ्या ताकदीचं कौतुक करतात. मी नारळ दोन्ही हातांनी घेते.

गावात हे फक्त आईला ठाऊक होतं. तिनं मावशीलाही सांगितलं नाही. लेकीला लोकांनी बिचारी म्हणावं, हे तिला नको होतं. मागच्या पावसाळ्यात आई तापानं गेली. मी पोचेपर्यंत माती झालेली होती.

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. पीक घरात आलं की कुळाची माणसं डोंगरावरून दगड आणतात. आमच्या गावात असं मानतात की दगड हलका लागला तर माणूस खुशीनं आलं, जड लागला तर त्याचं मन अजून कशात तरी अडकलेलं आहे. बाकी रीत भाराचीच. दोर, बांबू, आणि जागा मिळेल तिथं प्रत्येकाचा हात.

आईसाठी गावानं मोठा दगड निवडला होता. पोरगी चॅम्पियन, मग मायचा दगड लहान कसा चालेल? मी पोचले तेव्हा तो खड्ड्याच्या काठावर आडवा ठेवलेला होता. बांबू बाजूला टाकलेले. माणसं गोल करून बसलेली, आणि पोरांचे मोबाईल वर. गायता, म्हणजे आमचा पुजारी, मोठ्या मायेनं म्हणाला, "ये बाई. आता कोणीच हात नाई लावत. तुले एकटीलेच उभा कराचा आहे. साऱ्या जगानं पाह्यलं, आज तुझी माय पाहील."

मला रडू नाही, राग आला. एकटीनं पोतं उचललं म्हणून जिथं मला बोलणी बसली, तेच गाव आज बसून पाहणार होतं. आणि हे त्यांना शिकवलं कोणी, तर मीच. आई असती तर एकेकाला उठवून कामाला लावलं असतं.

तरी मी वाकले. सवयीनं पाय बरोबर जागी पडले, बोटं दगडाखाली गेली. कोणीतरी शिट्टी मारली. मनात आलं, जाऊ दे तो पाय, एवढा एक उचलू. जोर केला आणि कमरेपासून टाचेपर्यंत अशी कळ गेली की मी गुडघ्यांवरच बसले.

"हात लाव वो मावशी," मी म्हटलं.

लोक हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

"मले नाई होत मावशी. खरंच नाई होत. कंबर गेली माझी. हात लाव."

हसणं थांबलं. मोबाईल एकेक करून खाली गेले. मावशी उठली, मागोमाग बाया उठल्या, माणसांनी बांबू उचलले. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं आणि भार उचलताना नेहमी देतात तो जोराचा पुकारा एकानंही केला नाही. दगड वर आला, खड्ड्यात गेला, उभा राहिला.

"हलका लागला," गायता म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. म्हणजे आई खुशीनं आली होती.

माझाही हात दगडावर होता. मावशीनं मनगट धरून तो तिथं ठेवला होता. पण मी जन्मभर हे एकच काम केलंय, हातावर वजन आहे की नाही ते मला कळतं. माझ्या हातावर काहीच आलं नव्हतं.

"हलका आहे ना वो बाई?" मावशीनं विचारलं.

मी हो म्हटलं.