सिस्टर आणि त्यांचा चारचाकी पेशंट

सिस्टरना कुणी सहज म्हणून ‘काय, गाडी कशी आहे?’ असं विचारलं, तर त्या खरं सांगायच्या. गाडीवाल्या माणसांत हा गुण मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. बाकीचे ‘एकदम मक्खन’ म्हणतात आणि तासाभराने आपल्यालाच मागून ढकलायला लावतात. सिस्टर मात्र थांबून, विचार करून उत्तर द्यायच्या. ‘आज बरी आहे. काल दोनदा बंद पडली. उद्याचं मला सांगता येणार नाही.’ विचारणारा बिचारा ओशाळून जायचा. त्याने तर नुसतं विचारायचं म्हणून विचारलेलं असायचं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी लग्न करून अमळनेरहून सुरतेला आले आणि बमरोलीत संसार मांडला. पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या ऑफिसात मला नोकरी लागली. त्याच मिलच्या दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांचं नाव यशोदा, पण मिलच्या मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचे वडील भुसावळहून रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला आले ते तिथलेच झाले. भाऊ शिकून नाशिकला गेला, आई धाकट्या बहिणीकडे भुसावळला राहायची. सिस्टर बमरोलीत आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. रविवारी विहारात वंदना आटोपली की तिथेच चटईवर बसून बायामाणसांचं ब्लडप्रेशर बघायच्या.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जुनी गाडी विकत घेतली. भावाने पत्र लिहून विरोध केला. त्यावर त्यांचं म्हणणं असं, ‘आमच्या बापाने आयुष्यभर रेल्वेचे डबे दुरुस्त केले. त्याच्या पोरीला एवढीशी चारचाकी सांभाळता येऊ नये?’ गाडी राखाडी रंगाची होती. पुढच्या सीटवर मी आणि मागे आमच्या मिलचे कलर मास्तर रसिकभाई, अशी आमची रोजची बैठक ठरली. रसिकभाईंची नजर फक्त रंग बघायची. गाडीत बसण्याआधी ते पाठीमागे वाकून धूर पाहत आणि म्हणत, ‘बेन, धुमाडो ग्रे छे, पण अंदर जरा वादळी मारे छे.’ म्हणजे धूर राखाडी, पण आत जराशी निळसर झाक. सिस्टर ते लिहून ठेवत.

हो, लिहून ठेवत. गाडीचा केसपेपर होता. दवाखान्यातलेच कोरे कागद, वर ‘पेशंटचे नाव’ या जागी गाडीचा नंबर आणि ‘तक्रार’ या जागी त्या दिवशीचं दुखणं. किती वाजता निघालो, हवा कशी होती, कुठे बंद पडली, किती वेळाने सुरू झाली, सगळं बारीक अक्षरात. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, ‘हसा. पण पेशंट कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ते नातेवाईक.’

आता मुख्य दुखणं. गाडी घरून छान निघायची. उधना गेलं, सचिन गेलं, की उसाच्या शेतांपाशी दोन-चार आचके द्यायची आणि मान टाकायची. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा तरी. मग पंधरा-वीस मिनिटं गेली की जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. तिथे शिरपूरकडच्या एका म्हाताऱ्याची चहाची टपरी होती. आमची गाडी लांबून आचके देताना दिसली की तो तीन कप मांडायचा. एखाद्या दिवशी गाडी अर्धा किलोमीटर पुढे जाऊन थांबली, तर किटली घेऊन चालत यायचा आणि वर म्हणायचा, ‘ताई, आज तुमनी गाडी उशिरा बंद पडनी!’

घरापासून जवळच, पांडेसऱ्याला, एका उस्तादांचं गॅरेज होतं. सिस्टर गाडी तिथे न्यायच्या. तिथे पोचेपर्यंत ती ठणठणीत असायची. उस्तादांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला, पेट्रोलचा पंपही नवा घातला. तरी सचिन ओलांडलं की गाडी आपली उसापाशी उभी. शेवटी उस्तादांनी हात पुसत निदान केलं, ‘बेन, गाड़ी में कुछ नहीं है. लेडीज़ लोग क्लच पे पाँव रखके चलाते हैं, उसका है.’

सिस्टरनी पैसे मोजून दिले. परत येताना मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. इतक्या महिन्यांत गाडीने त्यांना कधी रडवलं नव्हतं. त्या एका वाक्याने डोळ्यांत पाणी आणलं. त्या मला म्हणाल्या, ‘सुनंदा, दवाखान्यात पण असंच असतं बघ. डॉक्टरला आजार सापडला नाही, की बाईला म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत.’

त्या रागात त्यांनी गाडी विकायची ठरवली. सुरतेतल्याच पर्वत पाटियाचा एक साडीवाला व्यापारी बघायला आला. गाडीच्या बाबतीत नवाच माणूस, बिचारा खुशीत होता. गाडीला गोल फेरी मारली, दार उघडून लावून पाहिलं, सुरू केली, ती पहिल्या फटक्यात सुरू झाली. तो खिशात हात घालणार इतक्यात सिस्टरनी आतून केसपेपरांचा गठ्ठा आणून त्याच्या हातात ठेवला. आठ महिन्यांची सगळी हिस्ट्री. तो वाचत गेला तसतसा त्याचा चेहरा पडत गेला. मी सिस्टरना बाजूला घेऊन म्हटलं, ‘अहो, आधी गाडी तर जाऊ द्या!’ त्या मोठ्याने म्हणाल्या, ‘आजार लपवून पेशंट दुसऱ्याच्या दारात पाठवायचा? मला नाही जमणार.’ व्यापाऱ्याने चहा घेतला, गठ्ठा दोन्ही हातांनी परत दिला आणि जाताना म्हणाला, ‘बेन, गाड़ी तो नहीं चाहिए. लेकिन दुकान पे कभी भरोसे का आदमी चाहिए होगा, तो आप के पास आऊँगा.’

अशी ती गाडी राहिली. आणि राहिली म्हणूनच पुढचं घडलं.

मार्च असावा. दुपारी अडीचच्या सुमाराला मिलमध्ये वाफेचा पाइप फुटला आणि भगवान नावाच्या कामगाराच्या दोन्ही पायांवर वाफ गेली. नंदुरबारकडचा पोरगेला माणूस, वर्षापूर्वीच लग्न झालेलं. सिस्टरनी पाय गार पाण्यात धरले, स्वच्छ कपड्यात गुंडाळले, सलाईन लावलं. पण त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवणं भाग होतं. मिलची जीप नेमकी माल घेऊन गेलेली. ट्रकमध्ये घालावं तर हादऱ्यांनी जीव जाईल. सगळे सिस्टरच्या गाडीकडे बघू लागले. सिस्टरही बघत होत्या. गाडीचा स्वभाव त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता?

‘बंद पडेल,’ त्या म्हणाल्या. ‘पण तोवर निम्मा रस्ता तरी कापेल. चला.’

मागच्या सीटवर भगवानला रसिकभाईंच्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं. मी पुढे उलटी गुडघ्यांवर बसले आणि सलाईनची काचेची बाटली उंच धरली. भगवान मध्येच डोळे उघडून विचारायचा, ‘सिस्टर, गाडी जाई ना?’ सिस्टर मागे न बघता म्हणायच्या, ‘जाईल रे बाबा, तू फक्त माझ्याशी बोलत राहा.’ रसिकभाई रंग सोडून पहिल्यांदाच देवाचं नाव घेत होते.

सचिन जवळ आलं आणि गाडीने आचका दिला. मग दुसरा. आणि थांबली. त्या शांततेत मला दिसलं की सलाईनचे थेंबही थांबलेत. मी किंचाळलेच, ‘सिस्टर, हे पण बंद पडलं!’

सिस्टर वळल्या. बाटलीकडे एक नजर टाकली. त्या काळी काचेच्या बाटलीच्या बुचात दोन सुया असत. एकीतून सलाईन खाली उतरायचं आणि दुसरीतून बाटलीत हवा शिरायची. धक्क्यांमध्ये माझ्या मुठीने हवेची सुई निखळून पडली होती. सिस्टरनी पिशवीतून नवी सुई काढून बुचात खुपसली. बाटलीत गुडगुड करत बुडबुडे वर आले आणि थेंब पडायला लागले.

‘घाबरू नको,’ त्या म्हणाल्या, ‘आत हवा गेली नाही तर बाहेर थेंब येत नाही.’

एवढं बोलून त्या बुडबुड्यांकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, बाईंना भोवळ येतेय. तेवढ्यात त्या दार उघडून उतरल्या आणि गाडीच्या मागच्या बाजूला धावल्या. बॉनेट पुढे, आणि ह्या मागे! आधीच्या मालकाने पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून टाकीला कुलपाचं घट्ट झाकण बसवून घेतलं होतं. सिस्टरनी किल्ली फिरवून ते ओढलं. ‘फुस्स’ असा मोठा आवाज झाला. आतल्या आत कोंडलेल्या कुणीतरी श्वास घ्यावा तसा. झाकण तसंच हातात घेऊन त्या आल्या, टाकीच्या तोंडावर फडकं कोंबलंय म्हणाल्या आणि चावी फिरवली. गाडी पाच-सहा वेळा खाकरली, आणि सुरू झाली. पंधरा मिनिटं न थांबता!

दवाखान्याच्या दारापर्यंत ती थांबली नाही. भगवान दीड महिन्याने मिलमध्ये चालत आला, बायकोला घेऊन, सिस्टरच्या पाया पडायला. सिस्टरनी त्याला पाया पडू दिलं नाही. आधी पाय दाखव म्हणाल्या.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सिस्टर ते झाकण घेऊन उस्तादांकडे गेल्या. मी मुद्दाम बरोबर गेले. म्हटलं, आज उस्तादांना कशा झाडतात ते बघू. पण त्यांनी नुसतं झाकण पुढे केलं आणि म्हणाल्या, ‘फुंकून बघा.’ उस्तादांनी तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, डोळे मोठे झाले, पण हवा पलीकडे जाईना. झाकणाला श्वास घ्यायला छिद्रच नव्हतं. पेट्रोल कमी होत जाई तशी टाकी आतून ओढून धरायची आणि थेंब पुढे सोडायची नाही. पंधरा-वीस मिनिटं उभी राहिली की कडेच्या फटीतून थोडी हवा झिरपायची, म्हणून गाडी पुन्हा सुरू व्हायची. उस्तादांनी कपाळावर हात मारला. ‘हम सब आगे खोलते रहे, बेन. पीछे किसीने देखा ही नहीं. माफ़ कर दो.’

‘माफी राहू द्या,’ सिस्टर म्हणाल्या. ‘आता पुढे कुणी बाई गाडी घेऊन आली, तर आधी गाडी तपासा. बाईला नंतर तपासा.’

उस्ताद मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी छिद्राचं झाकण स्वतः बसवून दिलं. पुढे तर एखादी गाडी त्यांना दाद देईना, की सिस्टरना निरोप यायचा, जरा येऊन ‘हिस्ट्री’ विचारा म्हणून. आणि उस्तादांची आई दर महिन्याला सिस्टरकडून ब्लडप्रेशर तपासून घ्यायची.

दुःखी झाला तो एकटा टपरीवाला. गाडी त्याच्यासमोरून सुसाट जायला लागली, तेव्हा तो कप हातात धरून नुसता बघत राहायचा. मग सिस्टर दर शनिवारी चांगली चालती गाडी तिथे थांबवू लागल्या. रसिकभाई कुरकुरायचे, तर म्हणायच्या, ‘अडचणीत चहा पाजला त्याने. आता बरं झाल्यावर ओळख विसरायची काय?’

त्या प्रसंगानंतर सिस्टरच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. एके दिवशी त्यांनी गाडीची किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. ‘सुई निखळली तेव्हा मी कुठे होते? स्टेअरिंगवर. आणि बाटली कुणाकडे? तुझ्याकडे. उलटं पाहिजे होतं. उद्यापासून तू शिकणार.’ मी साधी सायकलही धड चालवलेली नव्हती. बमरोलीत यंत्रमागांच्या शेडमागे जो मोकळा रस्ता होता, तिथे पहाटे शिकवणी सुरू झाली. मी गाडी दोनदा बाभळीत घातली, एकदा एका म्हशीने माझ्यासाठी रस्ता सोडला. सिस्टर ओरडायच्या नाहीत. शांतपणे विचारायच्या, ‘कुठे दुखलं?’ आणि मी सांगायचं, क्लच लवकर सुटला, नजर दुसरीकडे होती, जे असेल ते. खरं सांगितलं की त्या म्हणायच्या, ‘झालं, अर्धा इलाज झाला.’ लायसन्स मिळालं त्या दिवशी माझ्या नवऱ्याने गल्लीत पेढे वाटले, आणि स्वतः मात्र सहा महिने माझ्या शेजारी बसला नाही.

सिस्टरच्या आईने भुसावळला अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बहिणीला एकटीला झेपणार नाही म्हणाल्या. भुसावळला जायला सोयीची रेल्वे होती. पण ह्या गाडीनेच जाणार म्हणून हटून बसल्या. सामान आधी पाठवलं. निघायच्या सकाळी त्या आमच्या दारात आल्या आणि सरळ डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. ‘पलसाण्यापर्यंत तू ने,’ म्हणाल्या. रसिकभाई नेहमीसारखे मागे.

रस्ताभर मी नीट चालवली. पलसाण्याच्या चौफुलीवर, जिथून बारडोलीवरून धुळ्याकडे रस्ता फुटतो, तिथे बाजूला घेतली. आम्ही उतरलो, सिस्टर स्टेअरिंगवर बसल्या. मी म्हटलं, ‘पोचल्यावर पत्र टाका.’ त्यांनी काचेतून हात काढून माझं मनगट धरलं. सवयीने बोटं नाडीवर गेली. ‘फार जोरात धावतेय,’ म्हणाल्या. ‘जा, पाणी पी आणि कामाला लाग.’ आणि गाडी डावीकडे वळवली.

तो रस्ता सरळसोट होता. राखाडी गाडी लहान लहान होत गेली, पण वळताना लावलेला डावा दिवा काही विझला नाही, तसाच उघडझाप करत राहिला. रसिकभाई कपाळावर हात धरून बघत होते.

‘जो तो खरी,’ ते म्हणाले, ‘बेन हजी वळे छे.’

सिस्टर अजून वळतच आहेत! मला हसू फुटलं. मिलचा भोंगा वाजला, पण आम्ही दोघंही तो दिवा दिसेनासा होईपर्यंत तिथून हललो नाही.