सातवी खिडकी

ॲस्टलबरी हॉलच्या दक्षिण बाजूला, खालच्या मजल्यावर सात उंच खिडक्या आहेत. एडना प्रोबर्ट बेचाळीस वर्षं त्या सातही पुसत आली होती. त्यातली सातवी खिडकी मुळात खिडकी नव्हतीच.

अडीचशे वर्षांपूर्वीच्या मालकांना आपलं जुनं विटांचं घर गावठी वाटायला लागलं. पाडायला जीव होईना, म्हणून त्यांनी त्याला बाहेरून फिकट दगडाचं नवं अंग चढवलं. आराखडा करणाऱ्याला डावी-उजवी बाजू सारखी हवी होती. पण सातव्या जागी आत जुन्या स्वयंपाकघराचं धुराडं उभं. मग तिथे दगडाची नुसती चौकट बसवली आणि तिच्या आतल्या गिलाव्यावर काळ्या काचा, पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या. हिरवळीवरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

एडनाला अर्थातच ठाऊक होतं. पण तिची आईही याच घरात झाडलोट करायची, आणि तिने शिकवलं होतं, "लेकराचं तोंड धुताना एक डोळा सोडतेस का?" म्हणून दर सोमवारी बादलीभर साबणपाणी आणि लांब दांड्याचा ब्रश. नोव्हेंबरात घर बघायला येणाऱ्यांसाठी बंद होऊन खुर्च्या-झुंबरांवर चादरी चढल्या, तरी बाहेरचा हा नेम चुकला नाही.

यंदा एप्रिलमध्ये सातवी खिडकी नव्याने रंगवायचं ठरलं, आणि ते काम मिळालं एडनाच्या मुलीला, लॉर्नाला. जुन्या रंगकामाचं शिक्षण घेतल्यानंतरचं तिचं पहिलंच काम. एडना दिवसातून चार वेळा शिडीखाली येऊन उभी राहायची.

"कानटोपी कुठाय?"

"आई, मी चौतीस वर्षांची आहे."

"वारा काय वय विचारून लागतो?"

तिसऱ्या दिवशी लॉर्ना चहाला खाली उतरली ती कपाळाला आठ्या घालूनच. "हा रंग पावसाने गेलेला नाही. वरची अर्धी खिडकी धड आहे. खालची कुणीतरी घासून काढलीय, घोड्याला खरारा करावा तशी."

एडनाचा कप हातातच राहिला. लॉर्नाने भिंतीला टेकवलेल्या लांब दांड्याकडे पाहिलं. "अगं आई!"

"मळकी दिसायची गं ती."

"मला अहवालात कारण लिहायचंय. मी आपलं ऊन-पाऊस लिहिते."

एडनाने कप खाली ठेवला. घराची व्यवस्था बघणाऱ्या मिस सेल्विन मागच्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, तुमचे गुडघे दुखतात, आता चहाच्या खोलीत बसून केक विका. त्यांना हे निमित्त पुरलं असतं. या भिंतींपासून दूर गल्ल्यावर बसायचं, हे तिला मुळीच नको होतं.

"पहिल्याच कामात खोटं लिहायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "मी सांगून येते."

मिस सेल्विननी सगळं ऐकून घेतलं. "बेचाळीस वर्षं, मिसेस प्रोबर्ट?"

"आजारपणाचे सोमवार सोडून."

"आणि बाकीच्या सहा?"

"त्यांना काय होतंय? काच आहे ती."

मिस सेल्विनना हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "इथे काही झिजलं, मोडलं, तर मला वर्षाने कळतं. आपणहून सांगायला आलेल्या तुम्ही पहिल्या. त्या सहा राहू देत तुमच्याकडे. सातवीला हात लावलात, तर मात्र खरंच केक विकायला बसवीन."

पुढच्या सोमवारी एडनाने सहावी खिडकी पुसली आणि बादली उचलून सातवीपाशी आली. नवा काळा रंग ओला चमकत होता.

"आई, हात!" लॉर्ना शिडीवरून ओरडली.

"मागे आहेत बाई. खाली ये जरा."

लॉर्ना उतरली. एडनाने बादलीत रुमालाचं टोक बुडवलं आणि लेकीच्या गालावरचा काळा ठिपका खसाखसा पुसून काढला.